वहिनींना लिहून दिलेला जगाचा अंदाज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या वहिनींचे. आईवडिलांचे आहेतच, शाळेतल्या गुरुजींचेही आहेत. पण मी बी.ए. झालो, पुढे अर्थशास्त्रात एम.ए. झालो, आमच्या घरात पहिल्यांदा कोणाच्या नावापुढे दोन अक्षरं लागली, ती वहिनींमुळे. हे मी कुठे बोललो की लोकांना वाटतं, रीत म्हणून बोलतोय. म्हणून त्यांनी माझ्याऐवजी केलेलं काम आधी सांगतो.

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. टेकडीवर उभं राहिलं की शिवारात ठिकठिकाणी जाळीचे मांडव दिसतात. शेडनेट. आत टमाटे असतात, पण ते खायचे नसतात. ते बियाण्यासाठी. एका जातीची झाडं नर म्हणून लावायची, दुसऱ्या जातीची मादी म्हणून. संध्याकाळी मादीच्या झाडावरची उद्या उमलणारी कळी शोधायची, चिमट्यानं ती अलगद उघडायची आणि आतले पुंकेसर काढून टाकायचे. सकाळी नराच्या फुलांचे पराग डबीत घेऊन त्याच कळीला लावायचे आणि खूण म्हणून फुलाखालची दोन हिरवी पानं कापायची. पुढे ज्या फळावर ही खूण नाही ते फेकायचं. खूण असलेलं फळ चिरडून, बी धुऊन, वाळवून कंपनीला द्यायचं. कंपनी ते परदेशात पाठवते. तिकडे थंडीच्या देशांत काचेच्या घरांत त्याची झाडं होतात. या कामाला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. एकेक कळी, एकेक हात. मशीन नाही.

नराचं बी मादीच्या आधी पेरावं लागतं. मादीला कळ्या येतील तेव्हा नर फुलावर असला पाहिजे, नाहीतर सगळं वाया. पुढची गोष्ट या एका गोष्टीवर उभी आहे.

क्रॉसिंगला बायकांचा हात लागतो, आणि तो हात लहानपणापासून बसवावा लागतो. त्यामुळे आमच्या भागात सोयरीक जुळवताना एक वेगळीच चौकशी होते. दादासाठी मुलगी पाहायला आम्ही बीबी गावाला गेलो, तेव्हा आईनं स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. पोहे खाऊन झाले आणि आई म्हणाली, "क्रॉसिंग येते का?"

"येते," मुलगी म्हणाली. "तुमच्या पोराले येते का?"

दादानं बशी खाली ठेवली. मोठी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. आई मात्र घरी येईपर्यंत हसत होती. "हीच पाह्यजे," म्हणाली. त्या माझ्या वहिनी झाल्या. त्या दहावीपर्यंत शिकल्या होत्या, पुढे त्यांच्या घरच्यांनी शिकवलं नाही.

मी बारावी पास झालो तेव्हा शेडमधल्या झाडांच्या काही ओळी माझ्याकडे होत्या. क्रॉसिंगचा हंगाम आणि कॉलेजचं पहिलं सत्र एकाच वेळी येतं. दादा वाईट माणूस नाही, पण त्याला सरळ हिशेब दिसत होता: हा गेला तर या ओळी कोण करणार? जेवताना तो म्हणाला, "याचं कॉलेज पुढल्या वर्षी पाहू."

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "भाऊजीच्या ओळी माह्या."

"तुह्या दोन हातानं किती ओळी होतील?"

"हात माहे आहेत. तुम्ही कायले मोजता?"

आणि खरंच त्यांनी त्या केल्या. तीन वर्षं. सकाळी मी बसची वाट पाहत फाट्यावर उभा असायचो, तेव्हा जाळीच्या आत त्यांची हिरवी साडी माझ्या ओळीत हलताना दिसायची. बस आली की मी त्या बाजूला पाहायचं टाळायचो.

कॉलेजात मी विकसित देश आणि उदयोन्मुख बाजारपेठा शिकलो. ते शब्द मला फार आवडले. सुट्टीत घरी आलो की शेडमध्ये बसून मी बायकांना ते सांगायचो. वहिनी एकदा कळी सोलता सोलता म्हणाल्या, "आपण कोणत्यात?"

"उदयोन्मुख."

"म्हंजे?"

"वर येऊन राह्यलेले."

"कवापासून?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो.

सध्या मी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, शेगावजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे जितके तास, तितका पगार. सुट्टीत तासही नाहीत आणि पगारही नाही. तरीही मी स्वतःला प्राध्यापक म्हणवतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

यंदा नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मागे पाण्याची मोटर, बायकांची बडबड, कोणाचं तरी लेकरू रडतंय.

"भाऊजी, ऑर्गनायझर आलता. कागद घेऊन."

ऑर्गनायझर म्हणजे कंपनी आणि शेडवाले यांच्या मधला माणूस. बी आणून देणं, दर सांगणं, माल नेणं हे त्याचं काम. आमच्याच भागातला आहे, मोटरसायकलवर फिरतो. पेरणीच्या वेळी त्यानं तोंडी सांगितलं होतं की दर मागच्या वर्षीचाच.

"आता म्हणते, बाहेर देशात मंदी आहे, कंपनीनं दर खाली आणला. कागद इंग्रजी आहे. खाली सही नाही, शिक्का नाही."

"आता? नराला फुलं आली असतील ना?"

"आली ना! मादीच्या कळ्या दोन-चार रोजात येतात. म्हणून तं आता आणला त्यानं कागद. पेरायच्या आधी आणला असता तं आम्ही दुसरं काही लावलं असतं."

त्याला वेळ बरोबर माहीत होती. झाडं उभी झाली होती, खत-पाणी होऊन गेलं होतं. आता नाही म्हटलं तर कळ्या आपोआप उमलतील, आपोआप फळं धरतील आणि ती फळं बियाण्याच्या कामाची नसतील. हंगाम जाईल. आमच्या एकट्याचा नाही. गावातल्या शेडवाल्या घरांच्या बाया आळीपाळीनं एकमेकींच्या शेडमध्ये जातात, त्या सगळ्यांचा.

"भाऊजी, तुम्ही तेच शिकवता ना पोराइले? मंदी-तेजी? मंग सांगा, जग उठून राह्यलं का बसून राह्यलं?"

मागून एक आवाज आला, "जगाले काय झालं विचारा सरले! डेंगू झाला का?" आणि मोठा हशा.

मी म्हणालो, "वहिनी, हे असं एका वाक्यात सांगता येत नाही."

"मंग लेहून द्या. त्याच्यापाशी कागद आहे, आमच्यापाशी नुसती तोंडं. आम्ही बोललो की तो कागद दाखवते. आपलाबी कागद पाह्यजे."

मी त्या रात्रीच बसलो. मला आनंद झाला होता. एवढी वर्षं वाचलेलं पहिल्यांदा घरच्या कामाला येणार होतं. मी दोन पानं लिहिली, टाईप केली, फोटो काढून पाठवली. सकाळी तासाला निघालो तोच फोन.

"भाऊजी, ऐका." वहिनी मोठ्यानं वाचायला लागल्या. "'विकसित अर्थव्यवस्थांमध्ये सुधारणेचे संमिश्र संकेत असून, तथापि सावध आशावाद बाळगण्यास वाव आहे.' हा तथापि कोण आहे? कोणत्या गावचा?"

पुन्हा हशा.

"वहिनी, तसंच लिहितात."

"त्यायनंबी तसंच लेहलं असंन. त्यायचं इंग्रजीत, तुमचं मराठीत. हे दाखवलं तं ऑर्गनायझर आमाले पेढे वाटंन. याच्यात तुम्ही कोणाकून आहे ते दिसतच नाही भाऊजी."

मला राग आला. अर्थशास्त्र शिकताना आम्हाला पहिली गोष्ट हीच शिकवली होती की अभ्यासकानं कोणाकडूनही नसावं. मी म्हणालो, "मी बाजू घ्यायला शिकलो नाही वहिनी, मी खरं काय ते पाहायला शिकलो."

"मंग खरं काय ते लेहा ना," त्या म्हणाल्या. "तथापि काऊन लेहता?"

फोन मी ठेवला. त्या दिवशी तिन्ही तास वाईट गेले.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. विषय: जागतिक अर्थव्यवस्थेची उभारी, विकसित आणि उदयोन्मुख बाजारपेठांचं भवितव्य. मोठ्या शहरातून एक पाहुणे आले होते. माणूस अभ्यासू होता आणि बोलतही छान होता. श्रीमंत देशांत महागाई कशी वाढली, ती आटोक्यात आणायला व्याज कसं वाढवलं, त्यामुळे लोकांनी घरं आणि गाड्या घेणं कसं लांबवलं, आता ते कुठे सैल होतंय, कुठे नाही, हे त्यांनी पडद्यावर रेषा दाखवत समजावलं. उदयोन्मुख देशांबद्दल म्हणाले, "यांना थोडी वाट पाहावी लागेल. आधी तिकडची मागणी उभी राहील, मग तिचा लाभ टप्प्याटप्प्यानं इकडे झिरपेल."

तासिकेवरच्या माणसाला चर्चासत्रात एकच काम मिळतं: आभार. कागद माझ्या हातात होता. आधी संस्था, मग प्राचार्य, मग पाहुणे, मग चहावाले. मी माइकपुढे उभा राहिलो, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसायच्या ऐवजी म्हणालो, "सर, एक विचारायचं होतं."

सभागृहात कुजबुज झाली. आभार मानणाऱ्यानं प्रश्न विचारायचा नसतो. आमच्या विभागप्रमुखांनी चष्मा काढला.

"तिकडे मंदी आली की आमच्या गावात ती त्याच आठवड्यात पोचते. तिकडे सुधारणा झाली की ती टप्प्याटप्प्यानं झिरपते. रस्ता तर एकच आहे. मग दोघींच्या वेगात फरक का पडतो?"

मागच्या बाकांवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे हसले. "फार चांगला प्रश्न आहे. चहावर बोलू."

मला वाटलं, टाळलं. पण चहाच्या वेळी ते खरंच कप घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना शेड, नर, मादी, कागद, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "व्यासपीठावर मी हे म्हटलं नसतं. नुकसान सगळ्यात आधी त्याच्याकडे ढकललं जातं, ज्याला थांबता येत नाही. आणि फायदा त्याच्याकडे राहतो, जो थांबू शकतो. बाकी रेषा ठीक आहेत."

"म्हणजे आम्ही थांबू शकत नाही म्हणून?"

"तसं दिसतंय."

कोणीतरी त्यांना फोटोसाठी बोलावलं आणि ते गेले. मी तिथेच उभा राहिलो. चहा कधीच गार झाला होता. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: आम्ही थांबू शकत नाही, कबूल. पण कंपनीवाले तरी थांबू शकतात का? फूल तर एकच आहे. आमच्या शेडमध्ये उभं असलं तरी त्याची वाट तेही पाहतायत.

संध्याकाळी मी स्वतःहून फोन केला.

"वहिनी, लॉकडाऊनच्या वर्षी दर खाली आला होता, आठवते का?"

"आलता ना. तेव्हाबी मंदीच म्हटलं होतं."

"मग वर कधी आला?"

"ते म्हणे, जग सुधारलं की हळूहळू येईन."

"आला का?"

"येऊनच राह्यला अजून," मागून त्या दिवशीचीच आवाजवाली, डेंगूवाली, म्हणाली. यावेळी कोणी हसलं नाही.

त्या वर्षीच्या बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या. बाहेरच्या देशांत घरात कोंडलेल्या लोकांनी अंगणात, गच्चीवर भाज्या लावायला घेतल्या होत्या आणि बियाणं पुरत नव्हतं. तिकडे ज्या वर्षी बी मिळेनासं झालं होतं, त्याच वर्षी आमच्याकडे मंदी सांगून दर उतरवला गेला. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. एक मी घरी ऐकली होती, दुसरी ग्रंथालयात वाचली होती. त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. तेवढं करायला मला शिकवलं गेलं होतं आणि तेवढ्यासाठीच कोणीतरी माझ्या ओळी केल्या होत्या.

मी दुसरा कागद लिहायला घेतला. यावेळी हातानं.

"फोटो नको, कागदच पाठवा," वहिनींनी बजावलं होतं. गुरुवारी आमच्या गावचे एक काका दर्शनाला शेगावला येणार होते. बसस्थानकावर मी त्यांच्या हातात पाकीट दिलं. "काय आहे बे याच्यात?" ते म्हणाले. मी म्हणालो, "जगाचा अंदाज." त्यांनी पाकीट एकदा वरखाली करून पाहिलं आणि प्रसादाच्या पिशवीत ठेवलं. "हलका आहे," म्हणाले.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दादानं आणि वहिनींनी सांगितलं ते लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या बाया आमच्या शेडसमोर जमल्या. वहिनींनी कागद वाचून दाखवला. मग सगळ्यांनी चिमटे ओट्यावर ठेवले आणि त्या शेडच्या बाहेर बसून राहिल्या. आत मादीच्या कळ्या फुगलेल्या. दादा शेडच्या दारातून आत पाही, बाहेर पाही. "एक संध्याकाळ गेली म्हंजे तेवढी फळं गेली," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "हाव. मले माहीत आहे." त्या रात्री दादा जेवला नाही.

शनिवारी ऑर्गनायझर आला. ओट्यावर चिमटे, बाहेर बाया. त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला. "ठीक आहे. तुमाले नसंन परवडत तं मी बीबीत काम वाढवून देतो. तिथल्या बाया करतील."

"द्या ना," वहिनी म्हणाल्या. "तिथं माही भावजय आहे. नंबर देऊ का?"

"मंग पलीकडच्या वाडीत देतो."

एक म्हातारी म्हणाली, "तिथं माह्या दोन पोरी दिल्या. हात बसलेल्या आहेत म्हणून तं दिल्या. तूच आलता ना लग्नात? जेवून गेलता."

आणि मग ती नेहमीची आवाजवाली: "भाऊ, तुही बायकोबी आमच्याच गावची आहे. तिनं चिमटा हातात घेतला का आज? विचारलं का घरी?"

तो मोटरसायकलकडे वळला. त्यानं विचारलं नव्हतं.

त्याची चूक अशी की तो आमच्यातला असून विसरला. क्रॉसिंग येणाऱ्या मुली गावागावांतून शोधून आणायच्या, ही आमच्याकडची पद्धत. त्यामुळे जिथे शेड आहे तिथे कोणाची तरी बहीण, कोणाची नणंद, कोणाची लेक आहे. कंपनीला ही वेगवेगळी गावं दिसतात. बायकांना ते माहेर आणि सासर दिसतं. माझा कागद गुरुवारी रात्रीच फोटो होऊन बीबीला गेला होता.

दुसरी संध्याकाळही गेली. त्या कळ्या गेल्याच, त्या कोणी भरून दिल्या नाहीत. रविवारी सकाळी ऑर्गनायझर नवा कागद घेऊन आला. दर मागच्या वर्षीचाच. मराठीत, सहीशिक्क्यासह. मात्र खाली एक ओळ होती: पुढील हंगामात लागवडीचं क्षेत्र कमी केलं जाईल. वहिनींनी आपली एक ओळ घालायला सांगितली होती: तेजी आली की दर वाढेल. ती कंपनीनं घातली नाही. बायांनी कागद घेतला, चिमटे उचलले आणि ऑर्गनायझरला सांगितलं, ती ओळ राह्यली आहे.

म्हणजे आम्ही पूर्ण जिंकलो, असं मी म्हणत नाही. क्षेत्र खरंच कमी होऊ शकतं. पण आमच्या गावात मंदी पहिल्यांदा आल्या पावली परत गेली, हे मी म्हणतो, आणि कोणत्याही चर्चासत्रात म्हणेन. आभार मानतानाही.

तो कागद पुढे बऱ्याच गावांत फिरला. फिरता फिरता त्यात कोणी काही जोडलं, कोणी गाळलं, एका ठिकाणी तर माझ्या तोंडी शिवी घातली गेली. म्हणून मी वहिनींना पाठवलेलं पत्र जसंच्या तसं इथे देतो.

वहिनी,

घरी सगळे कसे आहेत ते विचारत नाही, काल फोनवर सगळ्यांचे आवाज ऐकले. बाया समोर असतील तर हे मोठ्यानं वाचा. तथापि काढून टाकला आहे.

तुम्ही विचारलंत, जग उठतंय की बसतंय. जग हा एक माणूस नाही. श्रीमंत देशांत काही उठलेत, काही अजून भिंतीला टेकून बसलेत. तिथे वस्तू महाग झाल्या, कर्ज महाग झालं, लोकांनी हात आखडला, हे खरं आहे. ऑर्गनायझर यात खोटं बोलत नाही. आपल्यासारख्या देशांत कामं वाढतायत, आकडे चांगले दिसतात, पण आपला बराच माल त्यांच्या मागणीवर चालतो, हेही खरं आहे. पुढल्या वर्षी सगळं ठीक होईल का? होईल असं बरेच जण म्हणतात. नक्की कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. जो नक्की सांगतो त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं असतं, किंवा तुमच्याकडून स्वस्तात घ्यायचं असतं.

आता जे मला माहीत आहे ते सांगतो. मंदीत माणूस गाडी घेणं लांबवतो, घर बांधणं लांबवतो. टमाटा लांबवत नाही. आणि तुमच्या हातचं बी असं आहे की त्याच्या फळातलं बी पुन्हा पेरून तसं पीक येत नाही. त्यांना ते दरवर्षी नवं घ्यावंच लागतं. मागणी थोडी कमी होईल, बंद होणार नाही.

मागच्या मंदीत दर उतरला आणि जग सुधारल्यावर चढला नाही. त्या वर्षी तिकडे बियाणं कमी पडत होतं, हे मी तेव्हाच वाचलं होतं आणि तुम्हाला सांगायचं मला सुचलं नाही. मंदी आपल्याकडे मोटरसायकलवर येते आणि तेजी पायी निघते, ती अजून वाटेत आहे. म्हणून यावेळी मंदी आहे की नाही यावर वाद घालू नका. असू द्या. एवढंच विचारा की तिकडच्या मंदीचं ओझं आपल्या ओळींवर का, आणि तेजी आली तेव्हा तिचा वाटा कुठे होता.

कंपनीवाले म्हणतील, तुम्हाला थांबता येणार नाही, फुलं गळतील. खरं आहे. पण फुलं त्यांचीही गळतील. या हंगामात पराग लागला नाही तर त्यांचंही एक वर्ष जातं, आणि असा बसलेला हात त्यांना दुसरीकडे एका महिन्यात मिळणार नाही. बीबीला आधी कळवा. तिथे कळवलं नाही तर हे सगळं फुकट आहे.

धोकाही लिहितो, लपवत नाही. ते क्षेत्र कमी करतील. दुसऱ्या राज्यात जातील, दुसऱ्या देशातही जातील. हा हंगाम पूर्ण जाऊ शकतो. दादाला भीती वाटते ती चुकीची नाही, त्याला टोमणे मारू नका. माझे तास इथे चालूच राहतील, कळ्या तुमच्या जातील, म्हणून ठरवायचं तुम्ही सगळ्यांनी. माझं मत विचाराल तर, चिमटा उचलू नका.

तुम्ही म्हणालात, मी कोणाकडून आहे ते दिसत नाही. मी तुमच्याकडून आहे. आणि हे लिहिल्यानं वर लिहिलेलं काहीही कमी खरं होत नाही, हे मला या आठवड्यात कळलं.

दर लिहून मागा. खाली सही मागा, शिक्का मागा. तेजी आली की दर वाढेल ही ओळ मागा. देणार नाहीत, तरी मागा. कागद पुन्हा इंग्रजीत आला तर मला फोटो पाठवू नका. मला तो वाचता येतो, पण मी वाचून दाखवणार नाही. ज्याला आपल्या हातचं बी पाहिजे, त्यानं आपल्या भाषेत दर लिहावा.